मीठ धानाचे आणि मीठ लेकराचे

मागच्या खरिपाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. साकोली तालुक्यातल्या एका गावी धानाच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करून दाखवायला गेलो होतो. हे प्रात्यक्षिक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. दहा लिटर पाणी, त्यात तीनशे ग्रॅम मीठ. मीठ विरघळले की बियाणे त्यात सोडायचे, ढवळायचे. पोचट बी वर तरंगते ते काढून टाकायचे, तळाला बसलेले भरीव बी दोन-तीन वेळा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. गेली कित्येक वर्षे मी हे दरसाल करतो. झोपेतून उठवून विचारले तरी आकडे चुकायचे नाहीत.

त्या दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर बादली ठेवून मी बोलत होतो. बायाही पुष्कळ होत्या, कारण आपल्याकडे पऱ्हे टाकण्यापासून रोवणीपर्यंतचे काम त्यांचेच. काम आटोपले, बादली ओतायला घेतली, तेवढ्यात कडेवर लेकरू घेतलेली एक तरुण बाई पुढे आली.

"साहेब, लेकराले हागवन लागली का मिठाचं पानी द्या म्हनतेत, ते हेच का?"

माझ्या हातातली बादली हातातच राहिली. ती थट्टा करत नव्हती. तिने कुठेतरी अर्धे ऐकले होते आणि माझ्या बादलीत तिला ते पूर्ण झालेले दिसत होते. मी नसतो आणि तिने घरी जाऊन दहा लिटरला तीनशे ग्रॅम या हिशेबाने एक पेलाभर पाणी केले असते, तर काय झाले असते याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो. धानाच्या पाण्यात लिटरमागे तीस ग्रॅम मीठ असते. लेकराच्या पाण्यात ते लिटरमागे तीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. हिस्सा चुकला तर जे पाणी जीव वाचवते तेच जीव घेऊ शकते.

त्या दिवशी बादली बाजूला ठेवली आणि शाळेतून एक लिटरचे माप आणि चहाचा चमचा मागवला. दुसरे प्रात्यक्षिक तिथेच केले. तेच आज तुमच्यासाठी लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. शेतकीचा पदवीधर आहे आणि हयात बांधावर गेली आहे. पण मला ठाऊक असलेल्या गोष्टींपैकी ही एक गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटाने वरचे पुसून काढलेला, शीग लावलेला नव्हे. चांगले ढवळा. मग लेकराला देण्याआधी स्वतः चाखून पाहा. डोळ्यातल्या आसवांपेक्षा खारट लागले तर ते पाणी फेकून द्या आणि पुन्हा करा. साखरही सढळ हाताने घालू नका, कारण फार गोड पाणी आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. म्हणूनच बाटलीतले रंगीत थंडपेय किंवा नुसती ग्लुकोजची पूड या कामाची नाही. आशाताईकडे किंवा उपकेंद्रात क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी मिळत असेल तर ती सर्वांत चांगली. फक्त एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच टाकायची. अर्धी आज, अर्धी उद्या असले काटकसरीचे व्यवहार इथे नकोत. तयार झालेले पाणी झाकून ठेवायचे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यायचे.

बाजारात मिळणाऱ्या गोड पेयांच्या डब्यांवरही ओआरएस अशी अक्षरे छापलेली असत. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. तरी दुकानातून घेताना त्यावर काय छापले आहे ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

आता पेज. आपण भंडाऱ्याचे लोक, आपल्या घरात दुसरे काही नसले तरी कनकी असतेच. तांदळाची एक मोठी मूठ पिठी, म्हणजे पन्नासेक ग्रॅम, लिटरभर पाण्यात पाच-सात मिनिटे शिजवा, आटलेले पाणी भरून काढा आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. पिता येईल इतकी पातळ हवी. तांदळातला पिष्टमय पदार्थ आतड्यात हळूहळू फुटतो आणि त्यातून साखरच निघते. पटकीच्या रोग्यांवर तांदळाच्या पाण्याचे प्रयोग झाले तेव्हा जुलाबाचे प्रमाण कमी झालेले आढळले. आपल्या आज्यांची पेज काही अडाणीपणाची नव्हती. तिच्यात मीठ मोजून पडत नव्हते आणि ती वेळेवर दिली जात नव्हती, एवढाच तिचा दोष. पेज मात्र लवकर आंबते, सहा-आठ तासांच्या वर ठेवू नका. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पेज नको. त्याला आईचे दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा आणि त्याबरोबर पुडीचे पाणी.

वेळेवर दिली जात नव्हती असे वर लिहिले. त्यामागची गोष्ट सांगतो.

१९७६ सालच्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण वारली. ती दोन वर्षांची होती, मी सहा वर्षांचा. तीन दिवस हगवण लागली होती. घरात रांजण भरलेला होता, अंगणात विहीर होती, शेताला बोडी होती. ती "पानी, पानी" करत होती आणि आजीने सांगितले होते, "पानी नोको देऊ लेकराले, आनखी हागल." माझ्या आईने ते ऐकले. ऐकू नये असे तिला कुणी सांगितलेच नव्हते. आमच्या गावात तेव्हा सर्व घरांत हाच कायदा होता. दूध बंद, पाणी बंद, अन्न बंद. तिसऱ्या रात्री बहीण पाणी मागायची थांबली. मोठ्यांना वाटले, उतार पडला.

मी तिथे आजीला दोष देत नाही. तिचा हिशेब तिच्या परीने सरळ होता. वरून घातले की खालून जाते, म्हणून घालायचेच बंद करा. पण तुम्ही धानवाले आहात, तुम्हाला समजेल. बांधीची पाळ फुटली आणि पाणी वाहून चालले, तर मामा तलावाच्या पाटाचे पाणी अडवून पाळ बुजते का? पाणी अडवले तर बांधी लवकर कोरडी होते, इतकेच. पाळ बुजायला वेळ लागतो आणि तोवर वरून धार चालू ठेवावी लागते. लेकराच्या आतड्याची पाळ बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप बुजते. तेवढे दिवस त्याच्या अंगातले पाणी आणि मीठ टिकवणे हेच खरे औषध. हगवणीने मूल मरते ते बहुतांशी हगवणीने नव्हे, सुकून मरते.

हे सगळे मला कळले तेव्हा माझा स्वतःचा मुलगा चौदा महिन्यांचा होता. १९९९ चे वर्ष, उन्हाळा सरता सरता. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन महिना-दीड महिना झाला होता आणि आम्ही कर्मचारी कोण कुठल्या जिल्ह्यात जाणार याच चर्चेत गुंतलेलो. घरी आलो तर बाबूचे डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडताना आसू नाही. सकाळपासून पंधरा वेळा झाले होते आणि घरात सर्वांनी मिळून दूध-पाणी बंद केले होते. मी अकोल्याला चार वर्षे शिकलेला माणूस. पीक सुकताना पानाच्या पेशीतले पाणी कसे कमी होते, मुळे क्षार कसे शोषतात, यावर परीक्षेत पानेच्या पाने लिहिलेली. आणि मी काय केले? मान डोलावली आणि सकाळी सलाईन लावायला तालुक्याला नेऊ म्हणालो. सलाईन म्हणजे बाटलीतून थेंब थेंब जाणारे मीठ-पाणीच ना? तेच पाणी तोंडाने देता येते ही साधी गोष्ट माझ्या पदवीच्या डोक्यात शिरली नाही.

शेजारी उपकेंद्रातली नर्सबाई राहायची. बायकोने तिला बोलावले. ती आली, बाबूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळूहळू जागेवर जाताना पाहिली. मग कुणाशी वाद न घालता पुडी फोडली, लिटरभर पाण्यात कालवली आणि वाटी-चमचा घेऊन बसली. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. बाबूने ओकून टाकले. मी म्हणालो, "बघा, राहत नाही पोटात." ती म्हणाली, "दहा मिनिटे थांबू आणि आणखी हळू देऊ." थांबली आणि पुन्हा दिले. रात्री अकरापर्यंत ती होती, पुढे बायको आणि मी आळीपाळीने. पहाटे तीनच्या सुमारास बाबूने लंगोट ओला केला. लघवी झाली म्हणून इतका आनंद मला पुढे त्याच्या दहावीच्या निकालालाही झाला नाही.

माय दारात बसून हे सारे पाहत होती. मुलगा बरा झाला, आठवडा गेला, रोवणीचे दिवस आले. एका संध्याकाळी मी बाजेवर बसलो असताना तिने विचारले, "बाबू, तिले पानी देल्लं असतं, त वाचली असती का?" कोण ती, हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. तेवीस वर्षे झाली होती. मी म्हणालो, "माय, तेव्हा आपल्याले ठाव नोहोतं." ती म्हणाली, "ते नाही विचारलं म्या." मी उत्तर दिले नाही. उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

असो. पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि दोन गोष्टी अशा सापडल्या की त्या तुम्हाला सांगायलाच हव्यात.

पहिली १९७१ ची. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लाखो निर्वासित बंगालात आले आणि सीमेवरच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, जमिनीवर माणसे पडलेली. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपात कालवून ठेवले आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितले. डॉक्टरी शिक्षण नसलेल्या माणसांच्या हाती असे काम देणे तेव्हा धाडसाचेच होते. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण शंभरात चारच्या खाली आले. साखर आणि मीठ जोडीने आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते, जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते, हे शास्त्रज्ञांना त्याआधी कळले होते. पण ते पेल्यात उतरवून गर्दीत सिद्ध करून दाखवले ते बनगावात. नुसते मीठ-पाणी नको आणि नुसते साखर-पाणीही नको, ते यासाठी. बैलजोडीसारखे आहे, एकाच्या खांद्यावर गाडी निघत नाही. महालनबीस २०२२ मध्ये वारले, २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्याची आहे, म्हणून मला ती जास्त आवडते. बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर जाऊन बायांना हे पाणी करायला शिकवले. चमचा-मापाची भानगड नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरे त्यांनी अशी पालथी घातली. शिकवणाऱ्या बायांचा पगार कसा ठरवला, तर किती घरे फिरल्या यावर नव्हे. काही आठवड्यांनी दुसराच माणूस येऊन त्यातल्या काही घरी विचारायचा, काय शिकलीस? करून दाखव. आईला जितके आठवेल तितका पगार. आमच्या खात्यात प्रात्यक्षिकांची संख्या कळवायचे रकाने असतात, शेतकऱ्याला नंतर किती आठवले याचा रकाना मी तरी पाहिला नाही. त्यांच्याही सुरुवातीला फसगत झालीच. बायांना सगळे पाठ, पण वापर कमी. शोध घेतला तर कळले की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलेच नव्हते. मग बाजारात, मशिदीत पुरुषांच्या सभा घेतल्या. म्हणून पुरुष वाचकांनो, हा लेख बायांचा म्हणून पान उलटू नका. आमच्या घरी सकाळी सलाईन लावू म्हणणारा पुरुषच होता.

किती द्यायचे? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्यापुढे अर्धा ते एक कप. आईचे दूध, मऊ भात, खिचडी, ताक-भात, केळे चालू ठेवायचे, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे. आशाताई झिंकच्या गोळ्या देतात त्या चौदा दिवस पूर्ण द्या, जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी फडताळात टाकू नका. धानावर खैरा आला की तुम्ही झिंक सल्फेट टाकता, तेच जस्त लेकराच्या आतड्यालाही लागते.

पण घरचे उपाय घरीच कुठे संपतात, तेही पक्के लक्षात ठेवा. शौचात रक्त, पाणीही न पिणे, सारखी उलटी, सुस्त पडणे किंवा हाक मारली तरी न उघडणारे डोळे, सहा-आठ तास लघवी नाही, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू जागेवर जाणे, यातले एकही दिसले तर गाडी काढा. आणि जाता जाताही चमचा चालू ठेवा.

खोकल्याची गोष्ट उलटी आहे. तिथे आपण औषध देत नाही म्हणून मूल जाते असे नाही, कधी कधी आपण औषध देतो म्हणून जाते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुले साध्या सर्दी-खोकल्याचे सिरप पिऊन मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. वीसहून अधिक लेकरे गेली, त्यातली पुष्कळशी नागपूरच्या दवाखान्यांत. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आतल्यांनाही सहसा नकोत. साधा खोकला आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातो. कोमट पाणी, वरणाचे पाणी, आईचे दूध पाजत राहा. वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध द्या, वर्षाच्या आत मात्र मध मुळीच नको, त्यातून एक घातक विषबाधा होऊ शकते. नाक चोंदले तर उकळून गार केलेल्या पाण्यात अगदी किंचित मीठ घालून त्याचे दोन थेंब. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरते. कापराचा उग्र मलम तान्ह्याच्या छातीला नको. चुलीचा धूर हा खोकल्याचा सख्खा भाऊ, निदान आजारी लेकरू तरी धुरापासून दूर निजवा.

मग साधा खोकला आणि न्यूमोनिया ओळखायचा कसा? लाखांदूरच्या पलीकडे वडसा आणि तिथून पुढे गडचिरोली. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' संस्थेतर्फे खेड्यातल्या साध्या माणसांना, अगदी निरक्षर दायांनासुद्धा, श्वास मोजायला शिकवले. मोजणीसाठी मणी सरकवायचे साधे साधन केले. न्यूमोनियावरचे त्यांचे काम १९९० साली आणि नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे काम १९९९ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळ तपासते, ती त्याच वाटेने आलेली पद्धत आहे.

तुम्हीही मोजू शकता. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोट उघडे करा आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोटाचे वर-खाली होणे मोजा. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षे चाळीस किंवा जास्त आले, तर तो साधा खोकला नाही. फासळ्यांखालची छाती श्वासासोबत आत ओढली जात असेल तर मोजतही बसू नका. हे मूल घरच्या काढ्याचे नाही, त्याला औषध हवेच, आणि तेही त्याच दिवशी. दोन महिन्यांच्या आतले बाळ दूध ओढत नसेल तर आकडा काहीही येवो, दवाखाना गाठा.

तापाविषयी थोडक्यात. अंगावर घोंगडी टाकू नका, सैल कपडा, मोकळी हवा, भरपूर पाणी. बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्यांनी मूल कुडकुडते, आतला ताप काही त्याने जात नाही. आपल्या भागात हिवताप आहे, डेंग्यू आहे, तेव्हा ताप दुसऱ्या दिवशीही राहिला तर रक्त तपासून घ्यावे. आणि पूर्व विदर्भात सिकलसेलची लेकरे आहेत, ते विसरता येत नाही. अशा मुलाला नेहमीच जास्त पाणी पाजायचे, गारठ्यात आणि कडक उन्हात जपायचे. पण त्याला ताप आला तर घरी थांबायचेच नाही.

मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याला तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. आपण तसे करत नाही म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. रोज उगाळून दिली जाणारी घुटी, तिची ती वर्षानुवर्षांची सहाण, डोळ्यात आणि बेंबीवर घातले जाणारे काजळ, हे आपल्याही घरात आहे. पहिले सहा महिने आईचे दूध, दुसरे काही नाही, पाण्याचा थेंबही नाही, हे माझ्या बहिणीच्या गोष्टीनंतर वाचायला विचित्र वाटेल. पण आईच्या दुधातच पाणी पुरेसे असते. बाळ हगवणीने सुकत असेल तेव्हाच पुडीचे पाणी.

मागच्या श्रावणात, रोवणी आटोपल्यावर, एका रात्री आठच्या सुमारास फोन आला. समाजमंदिरातल्या त्या बाईचाच. माझा नंबर बियाण्याच्या पिशवीवर लिहून घेतला होता म्हणाली. लेकराला दुपारपासून जुलाब होते. पुडी संपली म्हणून तिने पेज केली होती, मीठ पुसून अर्धा चमचा, चाखून पाहिले, आसवांपेक्षा कमी खारट. संध्याकाळी लघवी झाली होती. मी रक्ताचे विचारले, नव्हते. डोळ्यांचे विचारले, ठीक होते. छातीवर पाजते का विचारले, पाजत होती. सकाळी आशाताईकडून पुडी आणि झिंक आण म्हणालो.

"ते आनतो, साहेब. आता हे सांगा, उरलेली पेज सकायी चालल का?"

"नाही चालणार. सकाळी नवी कर."

"मंग म्याच पिऊन टाकतो," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.